अ‍ॅम्बेसेडरची ७२ च्या वेगातली थरथर : चाक, शाफ्ट की हौसिंग?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मार्क २ अ‍ॅम्बेसेडर, १४८९ सीसीचं मूळ इंजिन, चार गिअरचा मूळ गिअरबॉक्स, गाडी नुकतीच पूर्ण उघडून बांधलेली. साधारण ताशी ६२ किमीच्या पुढे सीट आणि फ्लोअर थरथरायला लागतं, ७२-७५ ला सगळ्यात जास्त, ८५ नंतर जरा कमी. स्टिअरिंग शांत. गाडी न्यूट्रल करून तशीच पळू दिली तरी थरथर कायम. व्हील बॅलन्सिंग दोनदा झालं, प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे गती नेणारी नळी) दोन्ही क्रॉस (टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटमधले) नवे टाकले. थरथर गेली नाहीच, उलट क्रॉस बदलल्यापासून पायाखाली एक बारीक गुणगुण वाढली. आता गॅरेजमधून सल्ला मिळालाय की मागच्या हौसिंगमधलं क्राऊन-पिनियन (शाफ्टची गती चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी) बदला.

हौसिंग आत्ता उघडू नका. क्राऊन-पिनियन खराब झालं की पहिल्यांदा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एका सुरात, सोडल्यावर दुसऱ्या सुरात. ६२ ते ८५ च्या मध्येच येणारी आणि पुढे ओसरणारी थरथर हे त्याचं लक्षण नाही. शिवाय पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरावीक ताण) आणि दातांतली फट शिम (पातळ चकत्या) लावून नीट जुळवणारा हात आता शोधावा लागतो. चांगलं बसलेलं जुनं हौसिंग विनाकारण उघडलं तर थरथर राहतेच आणि वर हूं-हूं आवाज येऊन बसतो.

तुमच्या वर्णनावरून दोष एक नसून दोन दिसतात. पहिला मूळचा, चाकाच्या गतीचा. दुसरा क्रॉस बदलताना आलेला, शाफ्टच्या गतीचा. दोन्ही एकाच वेगात जाणवतात म्हणून एकच वाटतात, आणि एकावर इलाज केला की दुसरा शिल्लक राहतो म्हणून तो इलाजच चुकीचा होता असं वाटतं. त्यामुळे आता पार्ट बदलणं थांबवून थरथरीचा ताल, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा होते ते, मोजा.

न्यूट्रलची चाचणी तुम्ही केलीत, हे बरं झालं. टॉप गिअर डायरेक्ट असतो, म्हणजे इंजिन आणि प्रॉपेलर शाफ्ट नेमके एकाच गतीने फिरतात, आणि टॉपमध्ये त्या दोघांचा दोष वेगळा ओळखता येत नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर येतं. तरीही थरथर राहिली, म्हणजे इंजिन, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि वाकडा पंखा हे सगळे सुटले. ही चाचणी करताना इंजिन चालूच ठेवा, चावी फिरवू नका, आणि मोकळ्या, सपाट रस्त्यावरच करा.

आता आकडे. ५.९०-१५ टायरचा घेर गाडीच्या वजनाखाली साधारण २ मीटर भरतो. खडूने टायरवर आणि जमिनीवर खूण करून गाडी चाकाचे पाच फेरे ढकला आणि अंतर मोजा, म्हणजे तुमचा स्वतःचा आकडा मिळेल. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर, म्हणून चाक सेकंदाला १० फेरे करतं. हौसिंगचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) ४.५५ धरला तर शाफ्ट सेकंदाला साडेपंचेचाळीस फेरे करतो. युनिव्हर्सल जॉइंटचा दोष एका फेऱ्यात दोनदा जाणवतो, म्हणून त्याचा ताल ९१.

रेशो मात्र गृहीत धरू नका, जुन्या गाड्यांची हौसिंग सर्रास बदललेली असतात. पुढच्या दोन्ही चाकांना लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल करा आणि मागचं एकच चाक उचलून त्याखाली स्टँड द्या. उचललेलं चाक हाताने २० पूर्ण फेरे फिरवा आणि दुसऱ्याला शाफ्टवरच्या खडूच्या खुणेचे फेरे मोजायला सांगा. एक चाक जमिनीवर असल्यामुळे डिफरन्शियल गती निम्मी करतं, म्हणून आलेल्या आकड्याला १० ने भागायचं. साडेपंचेचाळीस फेरे भरले तर रेशो ४.५५.

ताल मोजायला मोबाइल पुरतो. स्पेक्ट्रम (कुठल्या तालात किती कंपन आहे त्याचा आलेख) दाखवणारं कुठलंही कंपन मोजायचं ॲप घ्या. फोन हातात धरू नका. सीटच्या बोल्टाजवळ, मॅटखालच्या उघड्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने घट्ट बसवा. वेग स्पीडोमीटरवर न बघता जीपीएसवर बघा. ७२ ला वेग स्थिर ठेवून २० सेकंद रेकॉर्ड करा, मग तेच ६५ ला आणि ८० ला. रेकॉर्डिंग शेजारी बसलेल्याने करायचं. आलेखातलं शिखर वेगाच्या प्रमाणात सरकलं, ६५ ला ९ आणि ८० ला ११ असं, तरच ते फिरत्या भागाचं. न सरकता एकाच जागी राहिलं तर तो पत्रा, सायलेन्सर किंवा एखादा ब्रॅकेट आपल्याच तालात हलतोय. ॲपचा एक धोका लक्षात घ्या. फोनचा सेन्सर सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर त्याला ५० पर्यंतचाच ताल खरा दिसतो, आणि ९१ चा ताल ९ वर उमटून चाकाचा भास होतो. ॲपच्या सेटिंगमध्ये नोंदींचा वेग २०० च्या वर आहे का ते आधी बघा.

१० चं शिखर मोठं असेल, आणि तुमच्याकडे ते असणार, तर काम चाकापासून सुरू करायचं. थरथर ७२-७५ ला शिगेला जाऊन ८५ ला का उतरते, याचं कारण मागच्या अ‍ॅक्सलमध्ये आहे. जड हौसिंग, ड्रम आणि चाकं एका बाजूला टायरच्या हवेवर आणि दुसऱ्या बाजूला कमानपाट्यांवर तोललेली असतात. या वजनाचा स्वतःचा उड्या मारायचा ताल साधारण सेकंदाला १० ते १५ असतो. चाकाचा ताल त्याला गाठतो तेव्हा लहान दोषही मोठा होतो आणि पुढे गेल्यावर सुटतो. शाफ्टच्या असमतोलाचं असं नसतं. त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढत जातो, ८५ ला तो ७२ पेक्षा जास्तच हवा.

दोनदा बॅलन्सिंग होऊनही चाकात दोष कसा राहतो? दोन कारणांनी. बॅलन्सिंग मशीन वजनाचा समतोल बघतं, गोलाई बघत नाही. अंडाकार टायरसुद्धा ग्रॅमच्या हिशेबात शून्यावर आणता येतो, पण रस्त्यावर तो प्रत्येक फेऱ्याला गाडी उचलणारच. दुसरं, मशीनवर चाक मधल्या भोकात शंकू घालून धरतात. जुन्या पोलादी रिमचं भोक हबवर घट्ट बसत नसेल तर गाडीवर चाकाचा मध्य ठरतो तो नटांच्या शंकूंवर. भोक गंजलेलं, ठोकलेलं किंवा रंगाच्या थरांनी भरलेलं असलं की मशीनवरचा मध्य एक आणि गाडीवरचा दुसरा. अशा चाकांसाठी स्टडच्या भोकांवर धरणारी प्लेट असलेलं मशीन शोधा. रिमच्या आतल्या कडेला पावसाळ्यातला वाळलेला चिखल नाही ना, तेही बघून घ्या. मूठभर चिखल बॅलन्सिंगनंतर गळून पडला की केलेलं काम वाया.

त्याआधी एक बिनपैशाची चाचणी करा. मागची दोन्ही चाकं पुढे आणि पुढची मागे लावा. थरथर सीटमधून स्टिअरिंगमध्ये आली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये. जिथल्या तिथे राहिली तर ड्रम, हाफ-शाफ्ट (हौसिंगमधून चाकाकडे जाणारा दांडा) किंवा पुढचा विचार. मात्र दोन टायर रेडियल आणि दोन जुन्या पद्धतीचे नायलॉन असतील तर हा प्रयोग करू नका. तशा जोडीत रेडियल मागेच हवेत, अदलाबदल केली की वळणावर मागची बाजू सुटते. नायलॉन टायर रात्रभर एका जागी उभे राहिले की खाली सपाट होतात. त्यामुळे सकाळच्या पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमधली थरथर मोजमापात धरू नका. महिनोन्महिने न हललेल्या गाडीचा सपाटपणा मात्र कायमचा राहू शकतो.

गोलाई मोजायला डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) असेल तर उत्तम. नसेल तर स्टँडला जाड तार बांधून तिचं टोक टायरच्या मधल्या पट्ट्यापासून एक-दोन मिलिमीटरवर आणा आणि चाक सावकाश फिरवा. फट कुठे वाढते, कुठे मिटते ते खडूने लिहा. टायरवर वर-खाली दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो जाणवणारच. मग रिमवर, मण्याच्या बैठकीजवळ (टायरची कड बसते तिथे) मोजा. तिथे १ मिलिमीटरच्या आत हवं. रिम वाकडी नसेल आणि टायर उंच असेल तर टायरचा सर्वांत उंच बिंदू रिमच्या सर्वांत खोल बिंदूवर येईल असा फिरवून पुन्हा चढवा. पुष्कळदा निम्मा दोष एवढ्यानेच जातो. ट्यूब सुरकुतलेली राहिली असेल तर तीही त्याच वेळी दिसेल. टायर जुना आणि कडक असेल तर वेळ घालवू नका, सरळ बदला. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात.

एक खूण अनेकांच्या लक्षात येत नाही. सरळ रस्त्यावर, एकाच वेगात थरथर काही सेकंद वाढते, मग मंदावते, पुन्हा वाढते, असं होत असेल तर दोन चाकांत दोष आहे. दोघांच्या घेरात किंचित फरक असतो, त्यामुळे कधी दोघांचे धक्के एकत्र पडतात, कधी एकमेकांना मारतात. अशा वेळी एक चाक दुरुस्त करून थांबू नका.

ड्रमकडे सहसा कुणी बघत नाही. तो जड ओतकामाचा असतो. लेथवर वारंवार घासून आतली बाजू बाहेरच्या बाजूशी एककेंद्री राहिली नाही की एका अंगाला भिंत जाड, दुसऱ्या अंगाला पातळ. हा असमतोल व्हील बॅलन्सिंगमध्ये दिसतच नाही, कारण ड्रम गाडीवरच राहतो. स्टडच्या दोन-तीन जागा फिरवून ड्रम बसवून बघा. थरथर कमी-जास्त झाली तर कारण सापडलं. ब्रेक लावल्यावर पेडलमध्ये ठोके येत असतील तर ड्रम आतून अंडाकार आहे, तो दोष वेगळा धरा.

आता शाफ्टकडे. इथे थोडा जास्त वेळ द्यावा लागेल, कारण तुमची नवी गुणगुण इथलीच आहे. शाफ्टवरच्या अगदी थोड्या वजनाला किती बळ असतं ते बघा. शाफ्टच्या नळीवर, मध्यापासून ४० मिलिमीटरवर १० ग्रॅम जास्त असेल तर ताशी ७२ ला तो साधारण सव्वातीन किलोच्या जोराने ओढतो, तेही सेकंदाला पंचेचाळीस वेळा. रिमच्या कडेला ३० ग्रॅम कमी-जास्त असले तरी त्याच वेगात जोर सव्वादोन किलोच्या आसपास. म्हणून शाफ्टवर डांबराचा ठिपका, अंडरकोटिंगचा फवारा किंवा ब्रशने फासलेला जाड रंग चालत नाही. नळीवर दोन वेल्डचे ठिपके आणि मध्ये चौकोनी स्वच्छ जागा दिसली तर तिथली बॅलन्सिंगची पट्टी गळून पडली आहे.

क्रॉस बदलताना तीन चुका होतात. पहिली : सरकता योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा तुकडा) स्प्लाइनमधून (दातेरी खाचांमधून) काढताना खूण केली नाही आणि परत घालताना एक-दोन दात इकडे-तिकडे बसला. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान एकाच प्रतलात हवेत. तसे असले तर पुढच्या जॉइंटने गतीत केलेला चढउतार मागचा जॉइंट मिटवतो. फिरलेले असले तर चढउतार शिल्लक राहतो आणि ९१ च्या तालात गुणगुण येते. शाफ्ट सपाट टेबलावर ठेवून दोन्ही टोकांच्या कानांच्या भोकांतून सरळ सळई घाला आणि एका रेषेत बघा, फरक लगेच दिसतो. योकवर आणि नळीवर बाणाची खूण असेल तर बाण समोरासमोर हवेत.

दुसरी : क्रॉसच्या टोकांवरचे बेअरिंगचे कप दाबताना आतली एखादी सुई (बारीक रोलर) पडून कपाच्या तळाशी आडवी राहिली. कप पूर्ण आत जात नाही, सर्कलिप (कप अडवणारी स्प्रिंगची कडी) ठोकून बसवली जाते आणि क्रॉस एका बाजूला सरकतो. अर्धा मिलिमीटर सरकलेला क्रॉस म्हणजे त्या टोकाला शाफ्टचं सगळं वजन अर्धा मिलिमीटर मध्यापासून बाहेर. चारही कपांच्या सर्कलिप खाचेत पूर्ण बसल्यात का आणि चौघींची जाडी सारखी आहे का, ते बघा.

तिसरी : जॉइंट फार आवळला. शाफ्ट काढून जॉइंट दोन्ही दिशांना बोटांनी हलवा. किंचित जड पण एकसारखा फिरायला हवा. कुठे अडकत, कट-कट करत असेल तर योकच्या कानावर लाकडी हातोडीने हलके ठोके द्या, कप सर्कलिपला टेकून मोकळे होतात. तरीही अडकत असेल तर पुन्हा उघडा.

शाफ्टचा सरळपणा गाडीवरच तपासता येतो. डायल गेज नळीच्या मधोमध टेकवून शाफ्ट हाताने फिरवा. मधोमध अर्धा मिलिमीटर आणि टोकांजवळ पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर शाफ्ट बॅलन्सिंगवाल्याकडे न्या. तिथे तो दोन्ही जॉइंट बसवलेल्या अवस्थेतच द्यायचा. नुसती नळी बॅलन्स करून नंतर क्रॉस टाकले तर त्या कामाला अर्थ नाही.

पिनियनच्या फ्लॅंजवर (टोकाच्या तबकडीवर) शाफ्ट चार बोल्टांनी बसतो, पण त्याचा मध्य धरते ती फ्लॅंजची गोल कड. रिस्टोरेशनमध्ये तिच्यावर रंग किंवा प्रायमर बसला की शाफ्ट तिरका बसतो. दोन्ही तोंडं उघड्या धातूपर्यंत साफ करा. बोल्ट यूएनएफचे (बारीक आट्यांचे इंची), मापातले, गुळगुळीत मानेचेच हवेत. जवळपासचा मेट्रिक बोल्ट ढिला बसतो. मग शाफ्ट फ्लॅंजवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा आणि चालवून बघा. ४५ चं शिखर लक्षणीय कमी-जास्त झालं तर शाफ्ट आणि फ्लॅंज दोघांत थोडाथोडा दोष आहे, चांगली जागा निवडून तिथेच ठेवा. फ्लॅंज हाताने वर-खाली हलवल्यावर थोडीही ढिलाई लागली तर मात्र पिनियन बेअरिंग गेलंय. हौसिंग उघडायला हे कारण खरं.

उरतो तो कोन. जॉइंटचा कोन ३ अंश असला तर गतीतला चढउतार ०.१४ टक्के, ६ अंश झाला तर ०.५५ टक्के. म्हणजे कोन दुप्पट, त्रास चौपट. गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर, ड्रायव्हरच्या वजनासह उभी करून मोबाइलच्या अँगल मीटरने तीन उतार घ्या : गिअरबॉक्सचा, शाफ्टच्या नळीचा आणि पिनियनचा. गिअरबॉक्स ३ अंश खाली, शाफ्ट साडेचार, पिनियन पुन्हा ३, असं आलं तर दोन्ही जॉइंटना दीड-दीड अंश, उत्तम. दोघांत एका अंशापेक्षा जास्त फरक असेल तर आधी गिअरबॉक्सचं रबर माउंटिंग बघा. दबलेलं माउंटिंग गिअरबॉक्सचं शेपूट खाली आणतं. मग कमानपाटे दबलेत का, यू-बोल्ट ढिले नाहीत ना आणि पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून हौसिंग फिरलेलं नाही ना, ते बघा. इतकं करूनही कोन जुळत नसेल तरच हौसिंग आणि पाट्याच्या मध्ये पाचर द्या. १०० मिलिमीटर लांबीच्या बैठकीला एका अंशासाठी पाचरीच्या दोन टोकांत पावणेदोन मिलिमीटरचा फरक लागतो. कोनाचा दोष ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर बदलतो, कारण जोर पडला की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक वर जातं. तुमची गुणगुण तशी बदलत नसेल तर फिरलेल्या स्प्लाइनवरच संशय ठेवा.

चाक आणि शाफ्ट वेगळे करायची पक्की चाचणी गाडी उचलून होते, पण ती शिस्तीने करा. जागा उघडी हवी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. स्टँड हौसिंगच्या नळ्यांखाली द्या, बॉडीखाली नाही. अ‍ॅक्सल लोंबकळत राहिला तर शाफ्टचा कोन बदलतो आणि नसलेली थरथर तयार होते. नुसत्या जॅकवर हे कधीही करू नका. मागची दोन्ही चाकं काढा आणि ड्रम सुटू नयेत म्हणून नट उलटे लावून आवळा. गाडी टॉपमध्ये सावकाश ७२ पर्यंत न्या, अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, ब्रेक न दाबता वेग उतरू द्या. गाडीखाली किंवा ड्रमच्या रेषेत कुणीही उभं राहू नये. १० चं शिखर गायब झालं तर चाक किंवा टायर. राहिलं तर ड्रम किंवा वाकडा हाफ-शाफ्ट. ४५ आणि ९१ चं काय होतं तेही याच नोंदीत दिसेल, पण टॉपमध्ये ४५ वर इंजिनही बोलत असतं. म्हणून त्या वेगात क्लच दाबून गिअर काढा आणि वेग उतरताना पुन्हा नोंद घ्या.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी फोनची नोंद, मग चाकांची अदलाबदल, त्याच दिवशी टायरची गोलाई. त्यानंतर शाफ्ट खाली घेऊन कान, सर्कलिप आणि फ्लॅंजची कड. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच टायर प्रेशरला नोंद घ्या. एक्झॉस्ट पाइप कुठे फ्लोअरला किंवा हौसिंगला टेकत नाही ना, हे शाफ्ट काढलेला असतानाच बघून घ्या. पाइप टेकला असेल तर क्षुल्लक थरथरही सीटपर्यंत पोचते. शाफ्ट परत चढवल्यावर फ्लॅंजचे चारही बोल्ट नव्या लॉकनटने आवळा आणि शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्टांसह पुन्हा एकदा तपासा.